कोकणातली गाडी आतून साफ करताना: आधी ओल शोधा, मग फडकं उचला

जुलैत आठ-दहा दिवस बंद उभ्या राहिलेल्या गाडीचं दार उघडलं की आधी कुबट वास येतो आणि मग एकेक दिसायला लागतं. स्टिअरिंगवर पिठासारखी पांढरी भुरी, सीटबेल्टच्या कडेला हिरवट ठिपके, मागच्या सीटवर हाताला लागणारी लव. अशा वेळी बादलीभर साबणपाणी घेऊन आत शिरायचा मोह होतो. तो आवरा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते. सीटच्या फोममध्ये एकदा मुरलेलं पाणी अशा हवेत बाहेर पडायचं नाव घेत नाही. इथे गाडी आतून साफ करायची म्हणजे ओल काढायची, आणि त्या कामात पाणी जितकं कमी तितकं बरं.

त्यात मिठाची भर. पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, आलेले ओले पाय, खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे, चपलांना चिकटलेली वाळू यांतून मीठ कार्पेटमध्ये उतरतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच. कार्पेट दिवसभराच्या उन्हात कडकडीत वाळतं आणि रात्री पुन्हा दमट लागतं, असं होत असेल तर आत मीठ आहे असं समजा. ते गोड्या पाण्याने काढल्याशिवाय कुठलाही परफ्यूम कामाचा नाही.

कधी करायचं

पूर्ण सफाई वर्षातून दोनदा पुरते. एकदा मेच्या मध्यावर, आंब्याची धावपळ आटोपत आल्यावर पण पावसाच्या आधी. दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या कडक उन्हात. गणपतीला मुंबईहून आलेल्या गाडीला ऑक्टोबरपर्यंत थांबता येत नाही. मग एखादी उघडीप बघून फक्त कोरडं काम, बुरशी आणि काचा एवढंच उरकावं, शाम्पूला हात लावू नये. भर पावसात सीट शाम्पू करून देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: वाळवणार कशी?

पाणी येतंय कुठून

हे तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. सगळे मॅट काढा. चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून तिच्यावर गुडघ्याने जोर देत अर्धा मिनिट थांबा. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी त्याच्या खाली फेल्ट किंवा फोमचा जाड थर असतो, आणि तो दोन-चार लिटर पाणी सहज धरून ठेवतो. कागद ओला झाला तर कुठे झाला ते बघा. जागेवरून कारण कळतं.

पुढे डावीकडे पायाशी ओल, पाणी स्वच्छ, आणि एसी लावून फिरल्यावरच येतं: एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. खात्री करायची तर गाडी उघड्यावर उभी करून एसी पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोकणातल्या हवेत एवढ्या वेळात गाडीखाली चांगलं थारोळं साचायला हवं. जमीन कोरडी राहिली तर ते पाणी आत जातंय. नळी खालून मोकळी करायची, ती मऊ रबरी नळीने हलकी फुंकर मारून. तार खुपसू नका. नळी निखळते किंवा तार थेट कूलिंग कॉइलपर्यंत जाते, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

पाऊस झाल्यावरच ओल दिसते: बॉनेट उघडून वायपरखालची जाळी बघा. समुद्राकाठी सावलीसाठी सुरूच्या बनात गाडी लावायची सवय असेल तर तिथे काय सापडणार हे ठरलेलं आहे. सुरूच्या सुयांसारख्या काड्या जाळीतून आत जातात आणि खालच्या पन्हळीत गादीसारख्या बसतात. आंब्याचं पान निदान जाळीवर अडकतं आणि दिसतं तरी. हाताने आणि व्हॅक्यूमने सगळं काढा, मग लिटरभर पाणी सावकाश ओता. ते पुढच्या चाकामागून खाली पडायला हवं.

ओल दाराच्या उंबऱ्यापाशी असेल तर दाराच्या खालच्या कडेची बारीक भोकं तांबड्या मातीने बुजलेली असतात. ती मोकळी करायला माडाचा हीर, म्हणजे पातीमधली काडी, उत्तम. टोक बारीक असतं आणि रंगावर ओरखडा येत नाही. भोकं मोकळी असूनही पाणी आत येत असेल तर दाराच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सुटलेला असतो. स्पीकर किंवा काचेचं काम झाल्यावर तो नीट चिकटवला नाही की हे होतं. डिकीत पाणी असेल तर स्टेपनी काढून खालचा खड्डा आणि टेललॅम्पचं रबर पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्या बघा.

आणि ओल चिकट असेल, वास गोडसर येत असेल, समोरची काच आतून तेलकट होत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. ते काम मेकॅनिकचं.

सामान

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर निम्मं काम झालं. त्याचं चपटं, निमुळतं तोंड हवंच. एक इंची मऊ रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश, मऊ नायलॉनचा ब्रश, आठ मायक्रोफायबर फडकी (काचेची दोन वेगळी ठेवा), अर्ध्या लिटरच्या तीन स्प्रे बाटल्या. साबणासाठी एक लिटर पाण्यात १० मिलिलिटर सौम्य शाम्पू पुरे. याहून जास्त घातलात तर साबण धाग्यात राहतो आणि सुकल्यावर तोच धूळ धरतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी हातमोजे, एन-९५ मास्क. ब्लीच आणू नका. ते सीटचा रंग उडवतं आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो.

कोरडं काम

गाडीतलं सगळं सामान बाहेर काढून केबिन लाइट बंद करा. दारं चार तास उघडी राहणार आहेत. संध्याकाळी बॅटरी उतरलेली सापडायला नको.

मॅट दगडावर किंवा झाडावर आपटा, काठीने मागून बडवा. वाळू कार्पेटच्या मुळाशी बसते आणि नुसत्या ओढीने येत नाही. एका हातात व्हॅक्यूमचं तोंड आणि दुसऱ्या हाताने कार्पेटवर थापट्या, असं केलं की दाणे उसळून वर येतात आणि तेवढ्यात ओढले जातात. ब्रशने जोर लावून घासू नका. या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो धागे कापतो. सीट पूर्ण पुढे सरकवून मागचे रूळ साफ करा, मग पूर्ण मागे नेऊन पुढचे. रुळांत वाळू राहिली की सीट करकरते, आणि तिथेच पहिला गंज धरतो. रूळ साफ झाल्यावर पांढऱ्या लिथियम ग्रीसचं बोट फिरवलं की पुरे.

तांबड्या मातीचा नियम वेगळा. जांभ्याची माती पिठासारखी बारीक आणि लोहाने भरलेली. ओल्या फडक्याने पुसली की तिचा लगदा होतो आणि फिकट सीटवर विटकरी डाग कायमचा बसतो. चिखल लागला असेल तर पूर्ण वाळू द्या, नखाने खपल्या काढा, ब्रशने झाडा, ओढून घ्या, आणि मगच साबण लावा. तरीही छटा राहिली तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून दहा मिनिटं लावून ठेवा. मग साध्या पाण्याने दोनदा टिपून घ्या. डाग फिका होईल, नाहीसा होईल याची हमी नाही. आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा.

आंब्याच्या पेट्या वाहिल्या असतील तर पेंढ्याच्या काड्या कार्पेटमध्ये उभ्या रुतलेल्या असतात आणि व्हॅक्यूम त्यांच्यावरून नुसता फिरतो. रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळा आणि थापटत जा.

बुरशी

बुरशी कोरडी झाडायची नाही. ब्रश मारलात की तिची बीजं सगळ्या गाडीत उडतात आणि एसी ती उरलेल्या ठिकाणी पोचवतो. मास्क घाला, सगळी दारं उघडा, आणि व्हिनेगर पाणी न घालता थेट त्या जागेवर हलकं फवारा. अर्धा तास थांबा, मग ओलसर फडक्याने एका दिशेने पुसा. प्रत्येक फटक्याला फडक्याची घडी बदला, नाहीतर इथली बुरशी उचलून तिथे लावल्यासारखं होतं. नंतर साबणपाण्याचं फडकं, मग कोरडं. व्हिनेगरचा वास एक-दोन दिवसांत जातो.

स्टिअरिंग, दाराच्या मुठी आणि गिअरची गाठ यांच्यावर बुरशी वारंवार येते, कारण तिथे हाताचा घाम आणि तेल असतं. बुरशी ते खाते. हे भाग अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसले की बराच काळ स्वच्छ राहतात. मात्र खऱ्या चामड्याला, चकचकीत काळ्या प्लास्टिकला आणि मीटरच्या काचेला अल्कोहोल लावू नका.

सीटबेल्टकडे लोक बघतच नाहीत. दिसतो तो हातभर पट्टा स्वच्छ असतो, आणि गुंडाळीत राहिलेला सगळा काळवंडलेला. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि तो परत आत जाऊ नये म्हणून गुंडाळीच्या तोंडाशी घट्ट चिमटा लावा. खाली टॉवेल धरून दोन्ही बाजूंनी साबणपाण्याच्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या. चिमटा तसाच ठेवून बेल्ट पूर्ण वाळू द्या. उन्हात तीन तास लागतात, पावसाळ्यात पंख्याखाली अख्खी रात्र. ओला बेल्ट गुंडाळीत सोडला की आठवड्याभरात बुरशी परत हजर. ब्लीच किंवा कपड्यांची कडक पावडर वापरली तर धागा कमजोर होतो, आणि ऐन अपघातात भार त्याच धाग्यावर येतो.

सीट आणि कार्पेट

कापडी सीटला पाणी नको, फेस हवा. बाटलीतलं साबणपाणी वाडग्यात घेऊन ब्रशने घुसळा आणि फक्त वरचा फेस उचला. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, फेस लावा, मऊ ब्रशने गोल फिरवा, लगेच व्हॅक्यूमने ओढा किंवा कोरड्या फडक्याने दाबून टिपा. मग पुढचा तुकडा. मध्येच थांबलात तर कड उमटते, म्हणून सीट शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण करा. हात लावून ओलसर लागावी, पण दाबली तर पाणी वर येता कामा नये. आलं तर जास्त झालं.

सीटखाली हात घालताना पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे. त्यांना ओढू नका, भिजवू नका. इग्निशन चालू असताना ते सुटले तर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो विझवायला स्कॅनर लागतो.

रेक्झिनच्या सीट सोप्या: साबणाचं फडकं, मग साधं, मग कोरडं, शिवणीत टूथब्रश. पीव्हीसीच्या रेक्झिनला लेदर कंडिशनर चोळण्यात पैसे वाया जातात. ते आत शिरत नाही, वर बसून धूळ धरतं.

कार्पेटमधलं मीठ काढायचं तर प्रत्येक पायाच्या जागी पाव लिटर कोमट गोडं पाणी फवारा, दोन मिनिटं थांबा आणि ओढून घ्या. असं तीनदा. ओढलेलं पाणी बघत जा. तिसऱ्या वेळी ते जवळजवळ नितळ यायला हवं. खालचा फोम आधीच भिजलेला असेल तर वरून काही करून उपयोग नाही. उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेटची कड उचला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवा आणि आतून पंखा लावा. उचललंच आहे तर पत्रा बघून घ्या. तांबेरा दिसला तर घासून, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावून, प्रायमर मारून मगच कार्पेट खाली सोडा.

मासळी, आगळ, चीक

हर्णैच्या लिलावातून किंवा मिरकरवाड्यातून घेतलेल्या बांगड्यांची पिशवी डिकीत गळली, की बहुतेक जण त्यावर खाण्याचा सोडा टाकतात. दूध सांडलं किंवा कोणी घाटात ओकलं तर सोडा चालतो, कारण तो वास आम्लाचा असतो. मासळीचा वास अमाइनचा, म्हणजे अल्कधर्मी. त्याला सोडा काय करणार? त्याला आम्लच लागतं. सांडलेलं पाणी आधी टिपून घ्या, मग थंड पाण्याने पुसा. गरम पाणी नको. प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. मग एन्झाइम क्लीनर, डाग पसरला असेल त्याहून चार बोटं जास्त जागेवर, आणि वरून प्लास्टिक झाकून तीन-चार तास ओलं ठेवा. एन्झाइमला काम करायला ओल लागते. वाळल्यावर वास राहिलाच तर निम्मं व्हिनेगर-निम्मं पाणी फवारा. क्रम उलटा करू नका. आधी व्हिनेगर मारलं तर एन्झाइम मंदावतं. मासळी आणायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा डिकीत कायमचा ठेवला तर हा परिच्छेद वाचायची वेळ येत नाही.

कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, सांडलं तर साबण लगेच लावू नका. त्याचा लाल रंग अल्कधर्मी साबणाने निळसर काळपट होतो. थंड पाण्याने टिपा, मग पातळ व्हिनेगर, शेवटी साबण.

आंब्याचा चीक पाण्याने पसरतो, अल्कोहोलने निघतो. फणसाच्या चिकाला मात्र खोबरेल, हे घराघरांत माहीत आहे. प्लास्टिकवर आणि रेक्झिनवर तेच करा आणि मागोमाग साबणाने तेल काढा. कापडी सीटवर चीक पडला तर आधी बर्फ लावून कडक करा, खरवडा, मग राहिलेल्यावर तेलाचा बोळा.

खोबरेलाचा गाडीतला उपयोग तेवढाच. डॅशबोर्डला चमक यावी म्हणून ते चोळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. चार दिवस छान दिसतं, मग त्यावर तांबडी धूळ बसते, उन्हात तेल खवट होतं, आणि दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत येऊन रस्ता दिसेनासा होतो.

डॅशबोर्ड, छत, एसी

डॅशबोर्डला ओलसर फडकं पुरतं. साबण फडक्यावर फवारायचा, बटणांवर कधीच नाही. एसीच्या झडपांत रंगाचा ब्रश, आणि जवळ व्हॅक्यूमचं तोंड. पॉलिश लावायचंच तर पाण्यातलं, मॅट. पेडल आणि स्टिअरिंगला काहीही लावू नका, पाय आणि हात घसरतात.

छताच्या अस्तराला फेस फक्त फडक्याने, दाब न देता. अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं; भिजलं तर लोंबतं आणि मग पूर्ण बदलावं लागतं.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. कागदी फिल्टर धुऊन परत घालू नका. पावसाळा संपल्यावर दरवर्षी नवा घाला, आणि त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना ते बघा. कुबट वास एसी लावल्याबरोबर येत असेल तर कॉइल ओली राहतेय. पोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून ब्लोअर पूर्ण वेगात, बाहेरची हवा आत घेत चालू ठेवायची सवय लावा.

वाळवणं आणि काचा

दोन्ही बाजूंची दारं उघडून एका बाजूने उभा पंखा लावा, म्हणजे हवा आरपार जाते. ऑक्टोबरच्या उन्हात सीटला पाच-सहा तास पुरतात. पावसाळ्यात पंख्यासकट दीड-दोन दिवस धरा. एसी चालवून वाळवायचं तर गाडी अंगणात काढून, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच नाही. पूर्ण सुकल्याशिवाय गाडीवर कव्हर घालू नका.

गाडी बंद राहणार असेल तर अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशव्यांत घालून सीटखाली ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे डबे गाडीत नकोत. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते पाणी ओढून द्रव होतं आणि आंबा घाटाच्या दुसऱ्या वळणावर कार्पेटवर सांडतं. ते कार्पेट मग वाळत नाही आणि खालचा पत्रा गंजतो.

काचा सगळ्यात शेवटी. आतून आडवं पुसा आणि बाहेरून उभं. रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर तारांच्या दिशेनेच.

मग काचा पूर्ण वर करून, दारं लावून गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी ऊन पडायच्या आधी बघायला जा. काचेवर बाहेरून दव असेल तर ते हवेचं, सोडून द्या. बोटाने आतून रेघ ओढली आणि बोट ओलं झालं, तर पाणी अजून आत आहे. उंबऱ्याची पट्टी पुन्हा काढा आणि पंखा लावा.